मिशीच्या मेणाची दुसरी डबी

८ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हा साष्टांग नुसता कागदावरचा नाही. पत्राला बसण्याआधी सलूनच्या फरशीवर खरोखर आडवा झालो आणि खुर्चीला न धरता उठलो. पाठ ठणठणीत आहे, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम सांगतो.

तुझ्या मेंढ्यांच्या पैदास केंद्रावर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. लागत असता तरी हा विषय मी फोनवर काढला नसता. रस्त्याच्या पलीकडे बरोब्बर माझ्या दारासमोर तुझ्या वहिनीचं चष्म्याचं दुकान आहे, आणि तिला लांबचं इतकं स्पष्ट दिसतं की ऐकूही येत असावं असा मला संशय आहे.

तर विषय असा की माझी मिशी विरळ होते आहे. हसू नकोस. सलूनच्या पाटीवर माझीच मिशी रंगवलेली आहे, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकं आधी पाटीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात की मालक आज आले नाहीत का. दाढी पूर्वी संध्याकाळपर्यंत टोचायला लागायची, आता तीन दिवसांनी वस्तरा लावला तरी त्याला काही काम मिळत नाही. त्यात भर थंडीत मला घाम फुटतो. छातीतून गरम वाफ चढते ती थेट कानापर्यंत. मी पंखा लावतो आणि खुर्चीतला माणूस अंगावरचं कापड हनुवटीपर्यंत ओढून घेतो. परवा तर आपल्या निवृत्त हेडमास्तरांचे केस कापताना मला उभ्या उभ्या डुलकी लागली. त्यांचा एक कल्ला वर आणि एक खाली झाला. मी त्यांना ही नवीन पद्धत आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या धाकट्या भावाला तसेच कल्ले कापून घ्यायला पाठवलं.

माझ्या मते सगळा दोष नव्या साबणाचा आहे. तुझ्याकडे मेंढ्यांच्या लोकरीतून जे मेण निघतं ते केसांना फार चांगलं असतं म्हणे. सोबतच्या पार्सलात मिशीच्या मेणाच्या दोन रिकाम्या डब्या पाठवल्या आहेत, त्या भरून पाठव.

बाकी घरची गोष्ट जुनीच. मूल हवं म्हणून वाट बघायला लागून अडीच वर्षं होतील. तुझ्या वहिनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. आता डॉक्टरीणबाई माझी तपासणी मागतात. मी जाणारच आहे, पण सलूनमध्ये गर्दी असते. आणि माझ्यात काय असणार? आपल्या आजोबांना नऊ मुलं होती आणि त्यांतल्या तिघांची नावं त्यांना आठवायची नाहीत.

मेण लवकर पाठव. माया पूर्वीइतकीच दाट असू दे, मिशीचं काय व्हायचं ते होवो.

तुझा
धाकटा


१० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत आहे. पार्सलातली पहिली डबी भर. दुसरी उघडू नकोस. तशीच परत पाठव. त्यात एका गिऱ्हाइकाच्या घसा बसल्यावर चघळायच्या गोळ्या आहेत. तो माणूस गातो. त्याचा कार्यक्रम आहे. तो फार तापट आहे.

दुसरी म्हणजे जिच्या झाकणाला पोचा आहे ती.

माया असू दे आणि झाकण बंद असू दे.

धाकटा


११ जानेवारी

ती. ताईंना,

सप्रेम नमस्कार. दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला बसले. हे पत्र मी लिहिलं हे ह्यांना कळू देऊ नका.

आधी तुमचंच विचारते. तुमच्या मागच्या पत्रातलं अक्षर पानावर मावत नव्हतं. एका पानात जेमतेम सात ओळी होत्या. पाकिटावरचा पत्ता तर पोस्टमनने रस्त्याच्या टोकावरून वाचला असेल. ताई, पन्नाशी झाली की जवळचं कमी दिसणं ही काही बदनामी नाही. मी एक चष्मा करून पाठवू का?

आता आमचं. ह्यांची तब्येत कालपासून विचित्र झाली आहे. नाक वाहतं, डोळे वाहतात, एकामागून एक जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो आणि दर अर्ध्या तासाने आत पळतात. सर्दी आहे म्हणतात. सर्दी झालेला माणूस सलूनचा प्रत्येक खण तीन तीनदा उपसतो का? मी समोरून बघत होते. मिशीच्या मेणाची डबी हरवली म्हणाले. आता तुम्हीच सांगा, मिशी अर्धी उरली आहे आणि मेण मात्र महिन्याला दोन डब्या लागतं, हा हिशेब मला कळत नाही.

आणि एक. हे मी कोणाकडे बोलले नाही, आईकडेही नाही. गेलं वर्षभर हे माझ्याकडे पाठ करून झोपतात. भांडण नाही, अबोला नाही, सकाळी चहा हेच करून आणतात. पण जवळ येणं असं काही राहिलेलं नाही. मी विचारलं तर दमलोय म्हणतात. मी स्वतःला आरशात नीट बघितलं, जवळच्या नंबरच्या काचेतूनसुद्धा बघितलं. मला वाटतं, ताई, मी ह्यांना नकोशी झाले आहे आणि हे भले म्हणून सांगत नाहीत.

तरी मूल मला हवं आहे आणि माझं वय काही थांबून राहणार नाही. हे तपासणीला जायचं नाव काढत नाहीत. दवाखान्याच्या फॉर्मवर ह्यांनी सही केली, चालू औषधांच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं आणि परत फिरकले नाहीत. म्हणून मी ठरवलं की माझंच काही तरी असेल. चार फेब्रुवारीला पोटाला छेद देऊन दुर्बिणीतून तपासायचं आहे. डॉक्टरीणबाईंना ते फारसं पसंत नाही, आधी नवऱ्याला आणा म्हणतात. पण आणू कुठून? उचलून आणण्यासारखे ते नाहीत.

तुम्ही त्यांना समजावाल का? तुमचं ते ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

तुमचा जीव माझ्यावर आहे तसा राहावा.

तुमची
वहिनी


१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. यातले निम्मे आशीर्वाद परत घेण्याचा माझा विचार चालू आहे, तेव्हा पत्र नीट वाच.

तुझं दहा तारखेचं पत्र मिळण्याआधीच दोन्ही डब्या उघडून झाल्या होत्या. एकीत वास होता. दुसरीत कापसात गुंडाळलेल्या बावीस गोळ्या होत्या. तुझा तो तापट गवई या गोळ्या चघळत असेल तर तो कार्यक्रमात गाणार नाही, व्यासपीठावर आडवा होऊन घोरेल. मी जनावरांची डॉक्टर आहे, किराणा दुकानदार नाही. या अफूच्या जातकुळीतल्या गोळ्या आहेत. भारी दुखण्यावर देतात. म्हणजे पाठ ठणठणीत नाही, आणि सव्वा वर्षापूर्वी गिऱ्हाइकांसमोर सलूनची लोखंडी खुर्ची एकट्याने उचलून दाखवलीस ते दुखणं अजून चालू आहे.

आधी कामाचं. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. तुला सर्दी झालेली नाही, सवय लागलेल्या शरीराला गोळी मिळाली नाही म्हणजे असंच होतं. पत्र हातात पडताच पाठीच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन दिवस गोळी घेतलेली नाही हे त्यांना सांग. तुझ्या गोळ्या मी आमच्या गावच्या दूधगाडीच्या ड्रायव्हरबरोबर सीलबंद पाकिटातून पाठवते आहे, पण पुन्हा कधी आणि किती घ्यायच्या ते डॉक्टरच सांगतील. मर्दुमकी दाखवून कचऱ्यात टाकू नकोस.

आता मिशीचं. साबण निर्दोष आहे. आमच्याकडे कर्नलसाहेब नावाचा एक मेंढा आहे. केंद्रातली निम्मी कोकरं त्याची. मागे त्याचा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस त्याला याच जातकुळीतलं औषध द्यावं लागलं. कुंपणापलीकडे चाळीस मेंढ्या उभ्या असायच्या आणि साहेब पाण्याच्या टाकीकडे बघत असायचे. एखादा निवृत्त माणूस नदीकडे बघतो तसे. पायाच्या दुखण्यानेही असं होतं, म्हणून मी रक्त तपासलं. हार्मोन तळाला गेलेलं होतं. औषध उतरलं, पाय बरा झाला, आणि तीन आठवड्यांत कर्नलसाहेबांनी कुंपण मोडलं. त्याची दुरुस्ती अजून चालू आहे.

हे का होतं ते तुला कळेल असं सांगते. मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग असतो. तो दर दीड-दोन तासांनी एक संदेश सोडतो. खालची ग्रंथी तो ऐकते आणि रक्तातून पुढे निरोप धाडते. तो निरोप मिळाला की आणखी खालचा कारखाना दोन कामं करतो, पुरुषाचं हार्मोन बनवतो आणि बीज बनवतो. ही गोळी दुखण्याला झोपवते, ते चांगलंच आहे. पण बराच काळ रोज घेतली तर ती त्या वरच्या संदेशवाल्यालाही थोपटून झोपवते. मग संदेश नाही, निरोप नाही आणि कारखान्यात शुकशुकाट. दाढी उगवत नाही, थंडीत घाम फुटतो, उभ्याने डुलक्या लागतात, इच्छा मरते आणि मूल राहणं अवघड होतं. सगळ्यांना सारखंच होतं असं नाही, पण तू स्वतःच्या हाताने लक्षणांची यादी लिहून पाठवली आहेस. ध्यानात ठेव, कारखाना बहुतेक शाबूत असतो, त्याला फक्त कोणी हाक मारलेली नसते.

मी मेंढ्यांची डॉक्टर आहे, तुझी नाही. तुझी तपासणी तुझे डॉक्टर करतील. पण त्यांना खरं कळलं तर करतील ना? फॉर्मवर ‘काही नाही’ लिहिणाऱ्या माणसाचं ते काय निदान करणार? आणि तुझ्या त्या ‘काही नाही’पायी चार फेब्रुवारीला वहिनी स्वतःच्या पोटाला छेद देऊन घेणार आहे. मला कुठून कळलं ते विचारू नकोस.

मी तिला सांगणार नाही. ते तू सांगायचं. तीस तारखेपर्यंत सांगितलं नाहीस तर एकतीसला मी दूधगाडीत बसून येईन, आणि एकटी येणार नाही, कर्नलसाहेबांना बरोबर आणीन.

माया आहेच, म्हणून तर ओरडते आहे.

ताई

ता. क. पहिल्या डबीत लोकरीचं मेण भरलं आहे. मिशीला काही होणार नाही, पण बुटांना छान चमक येते.


१२ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. आ. तुझं पत्र पोचलं. चार तारखेची तपासणी आठवडाभर पुढे ढकलता येते का ते डॉक्टरीणबाईंना विचार. कारण आज सांगत नाही. तो सांगेल. नाही सांगितलं तर मी येते आहे.

नकोशी झाल्याचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं आणि तीनदा मला त्याचा राग आला, तुझा नाही. इतकंच आत्ता सांगते की जे तुला दिसतं आहे ते खरं आहे आणि त्याचं जे कारण तू लावलं आहेस ते साफ चुकीचं आहे. चष्मेवाल्या बाईची अशी चूक व्हावी, हे मी कोणाला सांगणार नाही.

माझे डोळे उत्तम आहेत. अक्षर मोठं काढते कारण कागद मोठा आहे. तीनदा वाचलं ते रागाने, न दिसल्यामुळे नव्हे. चष्मा पाठवू नकोस.

जीव आहेच, तो जपून वापर.

ताई


१७ जानेवारी

ती. ताईस,

न. वि. वि. साष्टांग वगळला आहे. आठ तारखेला घातला तेव्हा उठलो ते दोन गिऱ्हाइकांचा हात धरून.

गोळ्या पोचल्या. त्याआधीच डॉक्टरांकडे जाऊन आलो आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे हेसुद्धा की त्यांनी शिकवलेले व्यायाम मी एकदाही केले नाहीत. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. त्यांच्या भिंतीवर माझ्या सलूनमधल्या तक्त्याचा फोटो लावलेला आहे. तुला तो तक्ता माहीत आहे, मीच रंगवला होता, ‘पाठ दुखते? गोळी गिळू नका, गुडघे वाकवा.’ तो बघून त्यांनी चौघा पेशंटना माझ्याकडे शिकायला पाठवलं होतं.

तुला वाटेल मी वेडा आहे, पण खोटं असंच हळूहळू शिजत गेलं. खुर्ची उचलली आणि कंबरेत कळ गेली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. पहिल्या गोळीने अर्ध्या तासात उभा राहिलो. त्या दिवशी सलूनमध्ये कोणीतरी विचारलं की इतक्या लवकर बरं कसं वाटलं, आणि मी म्हणालो व्यायामाने. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते मला फार आवडलं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. मग तक्ता रंगवला. मग सकाळी सात वाजता फूटपाथवर सहा म्हातारे गुडघे वाकवायला जमू लागले. आता मी गोळी खातो हे त्यांच्यासमोर कसं कबूल करणार? दर महिन्याला डॉक्टरांना अजून दुखतं असं सांगायचो. दुखायचंही. पण दुखतं म्हणून गोळी लागते की गोळी उतरली म्हणून दुखतं, हे चौदा महिन्यांत माझं मलाच कळेनासं झालं. डबी मिशीच्या मेणाची निवडली, कारण तिला हात लावायचं तुझ्या वहिनीच्या मनात कधी येणार नाही.

तपासणीला का गेलो नाही तेही सांगतो. मला भीती वाटत होती. इच्छा गेली आहे हे मला कधीचं कळत होतं. मला वाटलं, मीच संपलो. आरशाचा धंदा आहे माझा, दिवसभर स्वतःचं तोंड समोर असतं. ते बघून वाटायचं, हिला काय सांगू?

अजून सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा विचारलं चहा करू का, दुसऱ्यांदा विचारलं दिवा घालवू का. डॉक्टरीणबाईंनी तिची तारीख अकरावर नेली आहे. मी सांगणार आहे. मेंढ्याला आणू नकोस, रस्त्यात फार वाहतूक असते.

तुझी माया मला लागते. ती परत घेऊ नकोस.

धाकटा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. सांगितलंस का? कर्नलसाहेब गाडीत चढायची सवय करत आहेत.

ताई


२९ जानेवारी

ती. ताईंना,

सप्रेम नमस्कार. ह्यांनी सांगितलं. कसं सांगितलं ते तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणून दुकान बंद करून लिहिते आहे.

काल सकाळी हेडमास्तर नवीन चष्म्यासाठी नंबर काढायला आले होते. त्यांना दाराकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवली आणि मी काचा बदलून बदलून बघत होते. लांबचं कसं दिसतं हे मी नेहमी रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावून बघते. मी म्हटलं, समोर काय दिसतं ते वरपासून वाचा.

हेडमास्तरांनी वर्गात वाचायच्या आवाजात पहिली ओळ वाचली, ‘मी’. दुसरी वाचली, ‘खोटं बोललो’. मी म्हटलं असं काही तिथे लिहिलेलं नाही, आणि वळून बघितलं.

ताई, सलूनच्या काचेत आमच्या नंबर तपासायच्या तक्त्यासारखाच तक्ता टांगला होता. वर बोट बोट जाड अक्षर आणि खाली उतरत उतरत बारीक. तक्त्यामागे हे उभे, खुर्चीची पाठ घट्ट धरून. हेडमास्तर थांबेनात. तिसरी ओळ वाचली, ‘चौदा महिने दुखण्याच्या जबर गोळ्या खातो आहे’. चौथी वाचली, ‘मिशी, घाम, झोप आणि बाकीचं, सगळं त्यांच्यामुळे’. मग मला म्हणाले की हस्ताक्षर बरं आहे पण मजकूर विचित्र आहे. पाचवी ओळ त्यांनी डोळे बारीक करून वाचली, ‘तुझ्या पोटाला छेद नको, तपासणी माझी करायची’. तोवर बसस्टॉपवरची माणसंही वळली होती, कारण हेडमास्तरांचा आवाज अजून तीन वर्गांना पुरेल इतका आहे.

सहावी ओळ त्यांना दिसेना. मी काच बदलली. तरी दिसेना. मलाही दिसेना, आणि मला लांबचं दिसत नाही असं कधी झालेलं नाही. म्हणून मी रस्ता ओलांडला. मागून हेडमास्तर फ्रेमसकट आले, कारण आपला नंबर अर्धवट राहिला असं त्यांना वाटलं. काचेला नाक लावल्यावर मला ती ओळ दिसली.

‘तुझ्याकडे पाठ करून झोपतो ते लाजेने. तू नकोशी झालेली नाहीस, एक दिवसही नाही.’

मी रडले. मग मला भयंकर राग आला. वर्षभर मी स्वतःला काचेतून तपासत होते आणि हा माणूस डबीत गोळ्या लपवत होता. मी सलूनमध्ये जाऊन त्यांना बरंच सुनावलं. काय सुनावलं ते खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या गृहस्थांनी सगळ्या गल्लीला सांगितलं आहे, त्यामुळे इथे लिहीत नाही. शेवटी हे इतकंच म्हणाले की तोंडाने बोलता येईना, म्हणून तुला वाचता येईल असं लिहिलं. मग आम्ही दोघं तिथेच बाकावर बसलो आणि हेडमास्तरांनी विचारलं की सहावी ओळ मोठ्याने वाचायची आहे का.

दुर्बिणीची तपासणी रद्द केली. उद्या दोघं डॉक्टरीणबाईंकडे जातो आहोत. फॉर्म नवीन भरायचा आहे.

तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही गप्प राहिलात, त्याचा रुसवा मी आठ दिवस ठेवणार आहे. नवव्या दिवशी जीव पूर्ववत लावीन.

तुमची
वहिनी


२० जून

ती. ताईस,

न. वि. वि. नमस्कार उभ्याने, पण खरा.

गोळी सुटली. पाठीच्या डॉक्टरांनी दहा-बारा आठवडे घेऊन थोडी थोडी कमी केली. मधले काही दिवस फार वाईट गेले. चिडचिड व्हायची, झोप यायची नाही, आणि एकदा मी कंगव्याशी भांडलो. तुझी वहिनी शेजारी बसून असायची. पाठ अजून दुखते, पण आता मी दुखते असं म्हणतो, त्यामुळे गिऱ्हाइकं स्वतः उठून मान वाकवतात. व्यायाम रोज करतो. फूटपाथवरचे सहा म्हातारे मला शिकवतात. तुला खोटं वाटेल, पण त्यांच्या पाठी खरोखरच सुधारल्या आहेत. आता गुडघे माझे कमी वाकतात म्हणून ते मला ओरडतात. तक्ता मी बदलला आहे. आता लिहिलं आहे, ‘पाठ दुखते? डॉक्टरांना सांगा. खरं सांगा.’

तपासणीचं सांगतो. फेब्रुवारीत रक्तातलं हार्मोन अगदी तळाशी होतं, आणि बीज इतकं थोडं की मोजणाऱ्या बाईंनी एकेकाला नावाने हाक मारावी. डॉक्टरीणबाईंना गोळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि तुझी संदेशवाल्याची गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली. तुझी जास्त सोपी होती. परवा पुन्हा तपासलं. हार्मोन पुष्कळ वर आलं आहे, बीजही वाढलं आहे, पण त्याला सावकाश वेळ लागतो म्हणाल्या. मूल होईलच असं वचन कोणी देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही दोघं चालत घरी निघालो. मग ती म्हणाली की तुमची हनुवटी टोचते आहे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की दाढी मी दुसऱ्या दिवशीच केली.

मिशी येते आहे. गेल्या आठवड्यात एका नव्या माणसाने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खुर्चीत बसला.

कर्नलसाहेबांना माझा नमस्कार सांग, सहानुभूतीपूर्वक.

लोभ ठेव. आता डब्यांत काही लपवत नाही.

धाकटा


९ डिसेंबर

चि. धाकट्यास आणि चि. सौ. वहिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, निम्मे परत घेतलेले होते ते धरून.

काल पार्सल आलं. आत कापड, कापडात पुठ्ठा आणि पुठ्ठ्यात झाकणाला पोचा असलेली तीच डबी. मला दरदरून घाम फुटला. टेबलावर ठेवून अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. पुन्हा गोळ्या निघाल्या तर याचं काय करावं, याचा विचार करत होते, आणि त्यात एक दावं आणि कुंपणाचा खांब होता.

उघडली तर कापूस, आणि कापसात नखाएवढा कागद. कागद कोरा होता. मी उलटा केला, तरी कोरा. उजेडात धरला, लांब धरला, आणखी लांब धरला, हात संपला. मध्यभागी माशी बसून गेल्यासारखा एक डाग होता. आमच्या लोकर तपासणाऱ्या बाईंना दाखवला, त्या लगेच वाचून हसायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की खबरदार, एक अक्षर सांगाल तर. मग तो कागद मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली मी बावीस वर्षं मेंढ्यांचं बीज मोजते आहे. काच फिरवली आणि वहिनीने कळवलेल्या त्या सहाव्या ओळीइतक्या बारीक अक्षरात दोन अक्षरं दिसली.

‘आत्या’.

नंतर बराच वेळ मला सूक्ष्मदर्शकातूनही काही दिसलं नाही. बाईंनी पाणी आणून दिलं. बाहेर जाऊन मी कर्नलसाहेबांना सांगितलं. ते चरत राहिले, पण त्यांना कळलं असावं.

वहिनी, पहिले काही महिने म्हणजे जपायचा काळ, दुकानात स्टुलावर चढून वरचे खण काढू नकोस. धाकट्या, खुर्च्या उचलू नकोस, पाळणा आला तर तोही एकट्याने उचलू नकोस. सूक्ष्मदर्शक इथून हलवता येत नाही, म्हणून आता तुम्हाला एक कबूल करते. गेली चार वर्षं मला जवळचं दिसत नाही. मागच्या महिन्यात एका मेंढीच्या कानातला नंबर चुकून मी तिला दोनदा औषध पाजलं. म्हणून वहिनी, चष्मा पाठव. नंबर तू काढशील तो. फ्रेम कशीही चालेल. येणाऱ्याचं तोंड मला अंदाजाने बघायचं नाही.

लोभ आता तिघांनी मिळून ठेवावा.

तुमची ताई आणि त्याची किंवा तिची

आत्या